टीसीएल रोज टाकतो, तरी गावात गॅस्ट्रो का येतो?

प्रश्न विचारणाऱ्या ताई पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आल्या आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाव अडीच हजार वस्तीचं. नदीकाठी एक विहीर, तिथून पाणी टेकडावरच्या टाकीत, टाकीतून नळाने गावात, दिवसाआड पाऊण तास. शिपाई टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, रजिस्टरवर सह्या आहेत. तरी गेली तीन वर्षं पहिल्या पावसानंतर जुलाब-उलट्यांची साथ येतेच. आता बंधित निधीतून (पाणी-स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेल्या पैशातून) आरओ प्लांट घ्यावा असा काही सदस्यांचा आग्रह आहे. घ्यावा का?

ताई, आरओचं शेवटी सांगतो. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात काढली. आरोग्य सेवक म्हणून लागलो, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. त्यात निम्मे पावसाळे अशाच गावांत गेले. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य टीसीएलचं नाही, "दिवसाआड पाऊण तास" हे आहे. अठ्ठेचाळीस तासांतला पाऊण तास नळात पाणी असतं आणि उरलेले सव्वासत्तेचाळीस तास पाइप रिकामा असतो. रिकामा म्हणजे नुसता मोकळा नव्हे. पाणी बंद केलं की उताराकडचं पाणी ओसरताना आत पोकळी होते आणि जिथे जिथे जोड ढिला आहे, भेग आहे, तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बाहेर काय आहे? पावसाळ्यात गटार. उन्हाळ्यात निदान माती कोरडी असते. म्हणून तुमची साथ पहिल्या पावसालाच येते.

म्हणजे खरा प्रश्न "टीसीएल टाकलं का" हा नाही. शेवटच्या नळाला क्लोरीन उरतो का, हा आहे. या दोन प्रश्नांमध्ये गावभर पाइप पसरलेला आहे.

अर्थात तुमचं गाव मी पाहिलेलं नाही. दोष विहिरीतही असू शकतो, टाकीत असू शकतो, पावडरीत असू शकतो, किंवा साथ पाण्याची नसेलही. एकादशीला भगर खाऊन पन्नास माणसं एका रात्रीत आडवी झालेली मी पाहिली आहेत, तिथे विहिरीत पोतंभर टीसीएल ओतून काही उपयोग नव्हता. त्यामुळे मी ज्या क्रमाने शोधतो तो क्रम सांगतो. तुमच्याकडे कुठे अडतंय ते तुम्हाला कळेल.

आधी पावडर. टीसीएल ताजं असेल तर त्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पण ही पावडर हवेने, उन्हाने, ओलाव्याने मरते. ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, पत्र्याखाली, तोंड उघडं असलेल्या पिशवीत पावसाळाभर पडलेल्या पावडरीला वास येतो, पण दम नसतो. खात्याच्या प्रयोगशाळेत टीसीएलचाही नमुना तपासतात. २० टक्क्यांच्या खाली गेलं की ती पावडर वापरायची नाही. तो अहवाल शेवटचा कधी आला, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. बहुतेक ठिकाणी पाण्याचे अहवाल फाइलला असतात, पावडरीचे नसतात. वर्षाची पावडर एकदम घेऊ नका, दोन-तीन महिन्यांची घ्या आणि प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा. लोखंडी डब्यात ठेवली तर आधी डबा खाईल.

मग माप. "दोन मुठी टाकतो साहेब" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की मुठीचं वजन करून पाहायचं राहून गेलं. चांगल्या पावडरीचा ढोबळ हिशेब हजार लिटरला ५ ग्रॅम. पन्नास हजार लिटरची टाकी असेल तर अडीचशे ग्रॅम. विहिरीचा हिशेब मात्र कोणी करत नाही. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा आणि ७८५ ने गुणा, झाले लिटर. ५ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर ७८,५०० लिटर, म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास पावडर. तीच विहीर मे महिन्यात एक मीटरवर आली की शंभर ग्रॅम पुरते. जून-जुलैत विहीर भरली की परत चारशे लागते, आणि नेमकं तेव्हा शिपाई मे महिन्याच्याच मापाने टाकत असतो. वर पावसाचं पाणी गढूळ. गढूळ पाण्यातली माती आणि कुजका पालापाचोळाच निम्मा क्लोरीन खाऊन टाकतो, जंतूंपर्यंत पोचायला काही उरत नाही. गढूळपणा असेल तर आधी तुरटीने पाणी निवळून घ्यावं लागतं. म्हणून ५ ग्रॅम हा आकडा फक्त सुरुवातीचा धरा, पुढे नळाला क्लोरीन किती उरतो त्यावर कमी-जास्त करायचं.

टाकायची रीतही महत्त्वाची. पावडर कोरडी भिरकावायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात खळ करायची, पाणी वाढवून ढवळायचं, पाच-दहा मिनिटं चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढून तेवढंच वापरायचं. विहिरीत ती बादली दोराने पाण्याखाली नेऊन वर-खाली हलवायची. त्यानंतर तासभर कोणी पाणी उपसायचं नाही. टाकीचंही तसंच, टाकल्यावर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबून मग व्हॉल्व्ह उघडायचा. पण वीज आली की पंप सुरू, टाकी भरतानाच खालून पाणी सोडलेलं, आणि पावडर वरून टाकली जाते, असं चित्र मी कित्येकदा पाहिलंय. रजिस्टरला सही त्या दिवशीही होते.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी केलेली चूक सांगतो. एका वाडीत जुलाब सुरू झाले. मी घाबरून विहिरीत दुप्पट-तिप्पट पावडर टाकली, तीही चुन्यासकट. दुसऱ्या दिवशी पाण्याला असा उग्र वास की भात शिजवला तरी वास जाईना. बायकांनी हंडे उचलले आणि ओढ्याच्या झिऱ्यावर गेल्या. तो झिरा गुरांच्या पाणवठ्याच्या खाली होता. साथ आटोक्यात यायची ती वाढली. तेव्हापासून मी जास्त टीसीएलला कमी टीसीएलइतकंच घाबरतो. लोकांनी पाणी प्यायलंच नाही तर ते कितीही शुद्ध असून काय?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ओटी टेस्ट तुम्हाला माहीत असेल. छोट्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. रंग लगेच, पहिल्या दहाएक सेकंदांत पाहायचा. तो मोकळ्या क्लोरीनचा असतो. नळी खिशात ठेवून पंधरा मिनिटांनी पाहिली तर नुसत्या बांधल्या गेलेल्या, निम्मा दम गेलेल्या क्लोरीननेही ती पिवळी दिसते आणि आपण खूश होतो. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, हात धुवायचे, त्या द्रावणाशी मुलांना खेळू द्यायचं नाही. अलीकडे डीपीडीच्या गोळ्यांचा गुलाबी रंगाचा संच मिळतो. तो जास्त चांगला.

पण ही टेस्ट कुठे करतात? टाकीखालच्या पहिल्या नळाला. तिथे पाणी पिवळंधमक येणारच. तुम्ही एकाच दिवशी तीन ठिकाणी करा: टाकीजवळ, गावाच्या मध्यावर आणि प्रत्येक फाट्याच्या शेवटच्या घरी. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, आणि विषाणूंची भीती असेल तेव्हा ०.५. समजा टाकीशी ०.८ आहे, मारुतीच्या देवळापाशी ०.६ आहे, आणि त्याच्या पुढे शंभर मीटरवर शून्य. मग त्या शंभर मीटरमध्ये कोणीतरी क्लोरीन खातंय, आणि बहुधा ते गटार आहे. हीच टेस्ट तुम्हाला लिकेज शोधून देते, रस्ता खणायच्या आधी.

एक गाव आठवतं. डोंगराच्या पायथ्याचं, पाऊस भरपूर. जुलाबाचे पस्तीस-चाळीस रुग्ण झाले होते. टाकीला क्लोरीन उत्तम, सरपंच छाती काढून सांगत होते की आमचं पाणी शुद्ध आहे, हॉटेलातल्या भज्यांनी हे झालंय. मी आशाताईंना घेऊन घरोघर फिरलो आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गावाचा नकाशा काढला. रुग्ण असलेल्या घरावर काळा ठिपका. ठिपके संपूर्ण गावात नव्हतेच. ते सगळे एका आळीत, एका व्हॉल्व्हच्या पुढे होते. त्या व्हॉल्व्हचा खड्डा उघडला तर त्यात गुडघाभर काळं पाणी, आणि व्हॉल्व्हचं पॅकिंग गेलेलं. पाणी सुटलं की तिथून फवारा बाहेर, पाणी बंद झालं की तेच काळं पाणी आत. दुरुस्तीला दोन तास लागले. त्या आळीतली लाइन जास्त क्लोरीनच्या पाण्याने भरून ठेवली, मग धुऊन सोडून दिली. चार-पाच दिवसांत नवे रुग्ण थांबले. भजीवाल्याची मात्र महिनाभर विक्री बसली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

व्हॉल्व्हच्या खड्ड्यांखेरीज तीन जागा आवर्जून पाहा. एक, गटारातून किंवा गटाराखालून गेलेली घरगुती कनेक्शनं. दोन, पाणी कमी दाबाने येतं म्हणून लोकांनी अंगणात खड्डा खणून खाली नेलेले नळ. तोटी नसलेला पाइप खड्ड्यातल्या पाण्यात बुडालेला असतो आणि दाब गेला की तो खड्डा पितो. तीन, थेट लाइनला लावलेल्या मोटारी. मोटार लावणारा शेजाऱ्याचं पाणी ओढतो एवढंच आपण बोलतो, पण ती मोटार पाइपात पोकळी करून शेजारच्या गटाराचं पाणीही ओढते. तीन सदस्यांच्या घरी मोटार असेल तर हे काम सर्वांत अवघड, याची मला पूर्ण कल्पना आहे.

दुरुस्ती होईपर्यंत घरोघर एक सांगा: नळ सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांचं पाणी पिण्याच्या हंड्यात घ्यायचं नाही. आत ओढली गेलेली घाण त्या पहिल्या पाण्याबरोबरच येते. ते धुण्याला वापरा. पिण्याच्या हंड्यात मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) टाका, बाटलीवर लिहिलेल्या मापाने, आणि अर्धा तास थांबा.

हे सगळं पावसाच्या आधी, मे महिन्यात करायचं. पण साथ सुरूच झाली तर? तेव्हा प्रत्येक गावात एक गोष्ट घडते: खबर लागताच कोणीतरी विहिरीत आणि टाकीत पावडर ओततं, मग आमची माणसं येऊन नमुना घेतात, आणि तीन-चार दिवसांनी अहवाल येतो, "पिण्यास योग्य". सरपंच तो अहवाल पेपरवाल्यांना दाखवतात. अहवाल खोटा नसतो, तो पावडर टाकल्यानंतरच्या पाण्याचा असतो. म्हणून आधी नमुना, मग पावडर. पाच मिनिटांचं काम आहे. नमुना रुग्णांच्या आळीतल्या नळाचा घ्या, नुसता टाकीचा नको. बाटली प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक हवी. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असतं, ते पाण्यातला क्लोरीन मारतं म्हणजे वाटेत जंतू मरत नाहीत. ती बाटली बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचली पाहिजे. बाटली हाताशी नसेल तर जल जीवन मिशनच्या किटमधली एचटूएसची बाटली तरी भरून ठेवा. पाण्यात मैल्याचा अंश असेल तर ती एक-दोन दिवसांत काळी पडते. त्या काळ्या बाटलीचा फोटो ग्रामसभेत शंभर भाषणांचं काम करतो.

दुसरं, यादी. नाव, वय, घर, पाणी कुठलं, जुलाब कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाले. रुग्ण आधी उपकेंद्रात येत नाहीत, ते खासगी डॉक्टरांकडे आणि मेडिकलमध्ये जातात. तिथे जाऊन विचारा. ओआरएसची पाकिटं आणि जुलाबाच्या गोळ्या अचानक खपायला लागल्या हे मेडिकलवाल्याला आपल्या आधी कळतं. यादीतल्या तारखा खूप बोलतात. सगळे एका रात्रीत आजारी आणि मग नवा कोणी नाही, तर जेवणाकडे पाहा. रोज पाच-दहांची भर पडते आहे तर पाणी अजून दूषित आहे. आणि कावीळ असेल तर आजच्या पाण्यात शोधून उपयोग नाही. पाण्यातून येणारी कावीळ अंगात उगवायला दोन आठवड्यांपासून दोन महिनेही लागतात, म्हणजे महिनाभरापूर्वी लाइन कुठे फुटली होती ते आठवावं लागतं. विषमज्वराचंही आठवडा ते तीन आठवडे. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, मात्र काही तासांपासून पाच दिवस.

काविळीवरून आठवलं. १९५५ च्या शेवटी दिल्लीत मोठी साथ आली होती. पुरानंतर यमुनेतलं सांडपाणी शहराच्या पाणी उपसण्याच्या ठिकाणी आलं. जलशुद्धीकरण करणाऱ्यांनी क्लोरीन वाढवला, त्यामुळे विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, पण काही आठवड्यांनी सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून ती हिपॅटायटिस ई असल्याचं कळलं. ही कावीळ गरोदर बायकांच्या जिवावर उठते. पाण्यात मैला मिसळूच दिला नाही, तर क्लोरीनला काम सोपं. मैला मिसळल्यावर नुसत्या क्लोरीनच्या भरवशावर राहायचं नाही.

रुग्णांबद्दल थोडक्यात, कारण ते डॉक्टरांचं काम. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपात भरून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पटकीचे मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. आज प्रत्येक आशाताईच्या पिशवीत ते पाकीट आहे, तरी गावात मागणी सलाइनचीच. पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं अर्धं नाही. द्रावण चोवीस तासांनी फेकायचं. लहान मुलांना सोबत झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मूल पीत नसेल, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर वाट न पाहता दवाखान्यात. आणि जुलाब तांदळाच्या धुवणासारखे असतील, किंवा धडधाकट मोठं माणूस काही तासांत गळून गेलं, तर त्याच मिनिटाला प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन. एकच रुग्ण असला तरी.

बदनामी होईल, लाल कार्ड मिळेल, म्हणून लपवू नका. वर्षातून दोनदा पाणीपुरवठ्याची स्वच्छता पाहणी करून गावाला लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. त्या पाहणीत विहिरीचा कठडा, गळती, टीसीएलचा साठा असं सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या ग्रामपंचायतीचा मागचा पाहणी अर्ज मागून घ्या. तुम्हाला हवी ती अर्धी उत्तरं त्यात आधीच लिहिलेली सापडतील, कोणी वाचलेली नसतील.

आता आरओ. पाण्यात क्षार किंवा फ्लोराइड जास्त असेल, यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांसारखं, तर आरओला अर्थ आहे. तुमची विहीर नदीकाठची, तक्रार जुलाबाची. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे ते कॅनमध्ये भरताना, घरी ओतताना, हाताने तांब्या बुडवताना परत दूषित झालं तर त्याला राखण नाही. शिवाय शाळेतली पोरं नळालाच तोंड लावणार, भाजी नळाच्याच पाण्याने धुतली जाणार, आणि ज्याला आरओच्या पाण्याचं कार्ड परवडत नाही तो नळाचंच पिणार. त्याच पैशात व्हॉल्व्हचे खड्डे बांधून घ्या, गटारातली कनेक्शनं वर उचला, टाकीवर थेंबाथेंबाने क्लोरीन सोडणारं यंत्र बसवा. उद्घाटनाची फीत कापता येणार नाही, हे खरं.

आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला एक वजनकाटा, हातमोजे, तोंडाला रुमाल आणि ओटीची ताजी बाटली द्या. त्याचा थकलेला पगारही. चार महिने पगार नसलेल्या माणसाने सकाळी सहाला टेकडावर जाऊन अडीचशे ग्रॅम मोजून टाकावं अशी अपेक्षा करताना मला तरी संकोच वाटतो.

ताई, सध्या एवढंच करा. येत्या दोन आठवड्यांत ज्या ज्या दिवशी पाणी सुटेल त्या दिवशी तिन्ही ठिकाणी टेस्ट करून आकडे वहीत लिहा, तारीख आणि वेळेसकट. शेवटच्या घरी स्वतः उभ्या राहा, निरोप पाठवून रंग विचारू नका. मग ते आकडे आणि लाइन कुठून कशी जाते त्याचा हाताने काढलेला नकाशा मला दाखवा. पुढे कुठे खणायचं ते बघू.